आईचं पहिलं ‘नको’

नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये मी दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘ॲग्री’ हे क्रियापद दरवर्षी येतं आणि मी ते पाढे म्हणावेत तसं सांगून मोकळी होते. माणसाचं म्हणणं पटलं तर पुढे ‘विथ’, प्रस्ताव मान्य केला तर ‘टू’, तारीख मिळून ठरवली तर ‘ऑन’. यंदा एका मुलीने विचारलं, "मिस, मनात नसताना हो म्हटलं, तरी ॲग्रीच म्हणायचं का?"

"हो," मी म्हटलं, "बोललेलंच धरतात." फळा पुसायच्या निमित्ताने मुलांकडे पाठ करून उभी राहिले.

आमच्या घरात बोललेलं कधी कोणी धरलंच नाही. आई कोकणातली, लग्न होऊन डोंबिवलीत कोपरला आली. कुणाकडे गेली की चहाला आधी नको म्हणायची. दुसऱ्यांदा विचारलं की "कशाला उगाच," आणि तिसऱ्यांदा "बरं, अर्धा कप." अर्धा म्हणजे पूर्ण, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस तिच्या मते हावरट. मी चिडवायचे, "ताकाला जाऊन भांडं लपवतेस." ती म्हणायची, "ज्याला द्यायचंय त्याला भांडं दिसतं."

माझा धाकटा भाऊ याच घरात वाढला. मग नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि तिकडचाच झाला. वाईट झाला नाही, हे आधी सांगते. उलट फार सरळ झाला. तिकडे म्हणे कुणी नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं उद्धटपणाचं. ऑफिसात एकदा ‘ॲग्रीड’ लिहिलं की तो विषय मिटला. मला ते ऐकायला बरं वाटायचं. आमच्याकडच्या जेवणावळीतल्या आग्रहापेक्षा सुटसुटीत.

मागच्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली आणि ऑपरेशन ठरलं. मी तिच्या शेजारीच बसले होते तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्याने विचारलं, "आई, मी येऊ का?"

आईने पदर सारखा केला. "नको रे. एवढ्या लांबून कशाला? ताई आहे ना इथे." एवढं बोलून ती गप्प बसली. तिचं हे गप्प बसणं मला पाठ होतं. ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती.

"ठीक आहे, तू म्हणशील तसं," तो म्हणाला. जरा वेळाने घरच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला, ‘आई आणि मी, बोथ ॲग्रीड. मी नंतर निवांत येतो.’ आईने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, तुमचं एकमत झालंय म्हणे.

"झालं का?" आई म्हणाली आणि मेथी निवडायला बसली.

कळव्याला माझ्या घरी आल्यावर मी त्याला फोन लावला. "अरे, तिला तू हवायस. ये."

"ताई, मी विचारलेलं ना तिला. तिच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? तू का तिच्या वतीने बोलतेस?"

पुस्तकात बघायला गेलं तर त्याचंच बरोबर होतं. त्या बरोबर असण्याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

ऑपरेशन नीट झालं असं डॉक्टर म्हणाले, पण आई काही सावरली नाही. हॉस्पिटलात भेटायची वेळ जवळ आली की मला केस विंचरायला लावायची आणि दाराकडे तोंड करून पडून राहायची.

"कोणाची वाट बघतेस?"

"कोणाची नाही गं."

"बोलावू त्याला?"

"नको." मी आमच्या रीतीप्रमाणे पुन्हा विचारलं. तिने दाराकडची नजर काढून घेतली. मग म्हणाली, "त्याने माझा शब्द मानला. आता मीच तो फिरवायचा, बरं दिसतं का?"

मी बाहेर येऊन त्याला कळवलंच. तो मिळेल त्या विमानाने निघाला. पोचला तेव्हा आई गेली होती.

सगळं आटोपल्यावर आम्ही दोघंच कोपरच्या घरात होतो. तो आईच्या कॉटवर बसला होता, बूटसुद्धा काढले नव्हते. म्हणाला, "मी विचारलेलं गं तिला. तीच नको म्हणाली. हो ना?"

कितीतरी दिवस मी मनात भांडण रचून ठेवलं होतं. त्याचा चेहरा बघून ते तसंच राहू दिलं. "हो," मी म्हटलं, "तीच नको म्हणाली."

"वाट बघत होती का माझी?"

"नाही रे," मी म्हटलं. त्याला एवढं तरी सोपं जावं म्हणून म्हटलं. याने आणखी एकदा विचारावं, असं मला फार फार वाटलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं.

"बरं," तो म्हणाला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.