कापराच्या वासाचा मास्क

जुन्या पेटीत कापडी मास्क सापडला, अजून कापराचा वास असलेला. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात भूमचा बाजार बंद होता. ओसरीवर तुरीचं बियाणं निवडत बसलेले माझे चुलते म्हणाले, "फडक्यानं कुठं रोग आडतो व्हय?" मी शाळामास्तर, शिंकेतल्या थेंबांपासून समजावू लागलो. त्यांना कमी ऐकू यायचं, ओठ बघून ते बोलणं ओळखायचे. "तोंड झाकल्यावर काय कळंना तुजं." मी हाच मास्क हनुवटीखाली ओढला आणि जवळ सरकून त्यांना पटवलंच. दुसऱ्या दिवशी मला ताप आला, चार दिवसांनी त्यांना. माझ्यामुळंच का, कुणास ठाऊक. दवाखान्याच्या गाडीत बसताना, ड्रायव्हरला लागण नको म्हणून त्यांनी उपरणं नाकावर घट्ट बांधलं. ते परत आले नाहीत. मास्क घडी करून मी पुन्हा पेटीत ठेवला. त्यांना ते पटलं होतं, माझ्या उघड्या तोंडाकडं बघून.