आत्याचा खडू आणि पाणमांजरं

माझी आत्या जंगलाच्या फाटकावर परवाने द्यायची. एक खिडकी, एक शिक्का, कुरकुरणारा पंखा आणि बाहेर भिंतीवर काळा फळा. परतणाऱ्या जीपवाल्यांना विचारून आज काय दिसलं ते फळ्यावर लिहिणं, हेही तिचंच काम.

आधीच्या कारकुनाने सोपी रीत पाडली होती. रोज लिहायचं, 'बिबट्या'. आत्याने पहिल्याच आठवड्यात लिहिलं, 'बिबट्या नाही. ओढ्याच्या वळणावर दोन पाणमांजरं. एक मासा खात होतं, दुसरं डोळा ठेवून होतं.'

शेजारच्या रिसॉर्टचे मालक तरातरा खिडकीशी आले.

"बाई, पाणमांजर बघायला कोण येणार? बिबट्या लिहा. तुमचं काय जातंय?"

"दिसला की लिहीन ना. मोठ्या अक्षरात लिहीन."

"आणि गिऱ्हाईक तुटलं तर?"

"दिसला नाही की लोक इथे येऊन भांडतात, मालक. ऐकायला तुम्ही बसता का?"

मालकांनी वर तक्रार केली. साहेबांनी आत्याला बोलावून समज दिली. घरी माझे वडील हवालदिल.

"ताई, नोकरी जाईल. जीभ आवर जरा."

"जीभ कुठे चालवतेय? खडू चालवतेय."

नोकरी गेली नाही. उलट लोक आधी फळा वाचू लागले आणि जीपवाल्यांना ओढ्याशी थांबायला सांगू लागले. जीपवाल्यांचीही पंचाईत झाली, कारण आत्या खोदून खोदून विचारायची. किती होती? कुठल्या काठाला? काय करत होती? एकजण म्हणाला, "लक्ष नव्हतं." आत्या म्हणाली, "मग उद्या लक्ष देऊन ये." फळा पुसण्याआधी ती सगळं वहीत उतरवून ठेवायची. तेही कोणी सांगितलेलं नव्हतं.

अकरा वर्षांनी नव्या अधिकारीण बाई आल्या. गाड्यांची गर्दी कमी करून लोकांना पायी जंगल दाखवायचं त्यांच्या मनात होतं, पण नेमकं कुठे? आत्याने टेबलावर वह्यांचा ढीग ठेवला. बाई दोन दिवस वाचत बसल्या. मग ओढ्याच्या वळणापर्यंत पायवाट झाली. गाडी नाही, गोंगाट नाही, एका वेळी आठच माणसं.

पहिल्या दिवशी बाईंनी स्वतः खिडकी बंद केली. "चला, आज तुम्हीही यायचं." इतक्या वर्षांत आत्या फाटकाच्या आत गेलीच नव्हती, तिला सुट्टी असायची तेव्हा जंगलही बंद असायचं. मी सोबत होते. तासभर आम्ही काठावर गप्प बसलो. मग पाणी हललं आणि एक मादी तीन पिल्लं घेऊन खडकावर चढली.

शेजारच्या पाहुण्या बाईंनी हळूच विचारलं, "तुम्हीही पहिल्यांदाच बघताय?"

"बघतेय पहिल्यांदा," आत्या म्हणाली, "ओळख जुनी आहे."

माझी मान तेव्हा जी ताठ झाली, ती अजून तशीच आहे. आत्या आता निवृत्त झाली. रिसॉर्टच्या पाटीवर पाणमांजराचं चित्र आलंय. मी त्याच वाटेवर गाईड आहे. ही वाट कोणी काढली असं पाहुण्यांनी विचारलं, की मी सरळ आत्याचं घर दाखवते. चहाची वेळ असेल तर ती आत बोलावतेही.