रिक्षात न राहिलेला रोल

निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटकडे धरून, एक डोळा मिटून आक्का म्हणायच्या, "आधी माणूस येऊ दे. साडीचं नंतर बघू." या आक्कांशी मी खोटं बोललो. नुसतं बोलून थांबलो नाही, ते खोटं सोबत घेऊन त्यांच्याबरोबर उन्हातान्हात हिंडलोही. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे त्यांच्या गमती सांगता सांगता मी फार चांगला माणूस वाटायला लागेन.

नाशिक रोडच्या एका कलर लॅबमध्ये आक्का प्रिंटिंगच्या मशीनवर बसत. मी लग्नाचे फोटो काढणारा. नव्वदच्या दशकात लग्नसराई आली की आम्ही सगळे फोटोग्राफर खांद्याला बॅगा अडकवून त्या लॅबच्या काउंटरवर गर्दी करायचो. रोल धुऊन झाला की निगेटिव्ह आक्कांच्या मशीनमध्ये सरकायची, समोरच्या छोट्या पडद्यावर एकेक चित्र यायचं आणि आक्का बटणं दाबून कुठे पिवळा चढवायच्या, कुठे निळा उतरवायच्या. मशीन स्वतःहूनही रंग ठरवायचं, पण आक्कांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "त्याला काय कळतंय नवरी सावळी का गोरी? ते सगळ्यांना एकाच चाळणीतून काढतं."

त्या वर्षांत नाशिकच्या आसपास तुमच्याकडे लग्न, बारसं, काही झालं असेल तर आक्कांनी तुम्हाला पाहिलेलं आहे. तुम्ही त्यांना पाहिलं नसेल, एवढंच. एकदा भाजीबाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. एक गृहस्थ फ्लॉवरचा गड्डा हातात घेऊन भाव करत होते. आक्का सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या आईंनी चष्मा बदलला की नाही? फोटोत फार चकाकतो."

गृहस्थ गड्डा तसाच धरून म्हणाले, "आपण कोण?"

"मी कोणी नाही. मी तुमच्या घरचं बारसं धुतलंय."

फोटो कुठे काढला, हेही त्या निगेटिव्ह बघून सांगायच्या. "हा एकलहऱ्याकडचा. आभाळाला वीज केंद्राची राख लागलीय." दिंडोरीकडे द्राक्षाच्या मांडवाखाली काढलेल्या फोटोंत चेहरे हिरवट पडायचे. आक्का तो हिरवा पूर्ण काढायच्या नाहीत. "थोडा राहू दे. बागेत उभा होता हे त्याच्या नातवाला कळू दे." एकदा त्यांनी छातीठोकपणे एक फोटो दिंडोरीचा ठरवला. निघाला मालेगावचा, अंगणात हिरवी ताडपत्री बांधली होती. आम्ही सगळे हसलो. आक्का अजिबात ओशाळल्या नाहीत. "मग ताडपत्री दिंडोरीहून आणली असेल," म्हणाल्या.

जावईसुद्धा त्यांना निगेटिव्हमध्येच सापडला. खरं सांगतोय. मी काढलेल्या लग्नांच्या रोलमध्ये एक मुलगा सारखा मागे दिसायचा. एका लग्नात पंगतीत वाढताना, दुसऱ्यात खुर्च्या उचलताना, तिसऱ्यात एका आजीबाईंचा हात धरून त्यांना पायरी उतरवताना. एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

"हा कोण रे?" आक्कांनी विचारलं.

"कोण जाणे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहे बहुतेक."

"फोटो निघतोय हे माहीत असताना काम करणारे खूप बघितले. हा माहीत नसताना करतोय. चौकशी कर."

मी चौकशी केली. पत्ता मिळाला, माणसं आपल्यातली निघाली, मुलाचं आणि आक्कांच्या मुलीचं, मनूचं जमलं. आक्का सगळ्या फोटोग्राफरांना पेढे देत सांगायच्या, "मुलगा आम्ही उलटा बघितला होता, काळ्याचा पांढरा. सुलट केल्यावर आणखी बरा निघाला."

याच सुमारास मी डिजिटल कॅमेरा घेतला. दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं गेली असतील. आक्का त्याच्यावर रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, त्यातले फोटो लॅबच्या नव्या मशीनवर स्वतः काढून पाहिले. आणि रोलच्या प्रिंटशेजारी ठेवून मला दाखवलं.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. उन्हातल्या पांढऱ्या सदऱ्यावर रोलने प्रत्येक चुणी धरून ठेवली होती, पांढऱ्यात पिवळसर होतं, निळसर होतं, सावली होती. डिजिटलमध्ये तोच सदरा एका जागेनंतर सरळ कोरा पडला होता. अंधारातही तसंच. रोलच्या अंधारात रव्यासारखा एकसारखा दाणा, आणि माझ्या नव्या कॅमेऱ्याच्या अंधारात रांगोळी सांडल्यासारखे लाल-निळे ठिपके.

"रोलचं पांढरं म्हणजे खवा," आक्का म्हणाल्या, "आणि तुझ्या ह्या डबीचं पांढरं म्हणजे चुना." मग लगेच, "पण हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली रोल माणसांना कावीळ झाल्यासारखं करतो, तिथे हा बरा. हॉलमध्ये ह्याला घे, उन्हात त्याला. दोन सुना एका घरात नांदतातच की."

मनूच्या लग्नाच्या आधी त्यांनी लॅबच्या फ्रिजमधले ताजे रोल काढून माझ्या हातावर ठेवले.

"भर दुपारचं लग्न आहे. बौद्ध पद्धतीचं, नवरा-नवरी पांढऱ्यात, निम्मे पाहुणे पांढऱ्यात. रोलवरच काढ. धुणार मी, प्रिंट मीच काढणार. एवढी वर्षं लोकांच्या पोरी सजवल्या. एकदा माझी, माझ्या हातानं."

मी म्हणालो, "आक्का, हे काय सांगायला हवं?"

लग्न कॉलनीतल्या मोकळ्या मैदानात होतं. मनूच्या पांढऱ्या साडीवर आक्कांनी पांढऱ्याच दोऱ्याने पिंपळपानं भरली होती. जवळ गेल्याशिवाय दिसायची नाहीत, पण ऊन तिरपं पडलं की एकेक पान उठून यायचं. गाथा सुरू व्हायच्या आधी मी सहज दोन फोटो डिजिटलवर काढले. मागून नवऱ्याच्या भावाने कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकावून पाहिलं आणि ओरडला, "अरे, लगेच दिसतोय!" झालं. पोरं जमली, बायका जमल्या, कोणीतरी आजोबांना पुढे आणलं. "दादा, मला दाखवा." "माझे डोळे मिटलेत, परत काढा." इतकी वर्षं लग्नात मला कोणी विचारलं नव्हतं. बाजूला व्हा, आडवे येऊ नका, एवढंच ऐकलं होतं. त्या दिवशी नवऱ्यामुलापेक्षा माझ्याभोवती गर्दी जास्त. पाकळ्या उधळल्या, हार घातले, पंगती बसल्या, आणि मी प्रत्येक वेळी म्हणत होतो, पुढचा फोटो रोलवर काढू. रोलचा कॅमेरा बॅगेतून बाहेर आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी आक्का लॅबच्या दारातच उभ्या होत्या. सुट्टी असून आल्या होत्या. हाताला मेंदी होती.

"आण."

मला खरं सांगता आलं असतं. त्या भडकल्या असत्या, चार दिवस बोलल्या नसत्या, संपलं असतं. पण तोंडातून निघालं, "आक्का, घात झाला. रोलची पिशवी रिक्षात राहिली."

त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. उलट आत नेऊन पाणी दिलं. "रडू नकोस, सापडेल," म्हणाल्या. मी रडत नव्हतो, पण त्यांना तसं वाटलं. मग विचारलं, "रिक्षा कशी होती?"

"मागे मोर काढलेला होता," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

स्टेशनच्या स्टँडवर मागे मोर काढलेली खरोखर एक रिक्षा होती.

आक्का मला घेऊन त्या स्टँडवर गेल्या. मोरवाला साधा, हळू बोलणारा माणूस. त्याने सीट उचकटून दाखवली, खालचं फडकं झटकलं. "आक्का, पोरांची शप्पथ. माझ्या गाडीत पिशवी नव्हती. हे साहेब मला तर आठवतच नाहीत."

"तुला कुठे काय म्हणतेय मी?" आक्का म्हणाल्या. "नीट आठव फक्त."

मी शेजारी उभा होतो. माझ्या तोंडून एवढंच निघालं नाही की त्याला मी का आठवेन.

मग सगळा स्टँड शोधाला लागला. आक्कांनी बहुतेकांच्या घरची लग्नं धुतलेली होती. रिक्षावाले गाडीत सापडतील त्या वस्तू लॅबमध्ये आणून द्यायला लागले. कोणी जेवणाचा डबा, कोणी डाव्या पायाची चप्पल. एकाने रुमालात बांधून कवळी आणली. आक्कांनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हे दात मी बघितलेत. साठीशांतीचा फोटो होता, जेल रोडचे आजोबा." आम्ही पोट धरून हसलो. पण त्यांनी निरोप पाठवला आणि आजोबा खरंच आले, बोळक्या तोंडाने आशीर्वाद देत कवळी घेऊन गेले. माझ्या खोट्यातून कोणाचं भलं झालं असेल तर त्या एका म्हाताऱ्याचं.

मोरवाल्याचं मात्र उलटं झालं. कोणाचं काही हरवलं की स्टँडवर पहिली हाक त्याला. "मोरवाल्या, आज काय पळवलंस?" गंमतच होती ती. तोही हसायचा. वर्षभराने त्याने मोरावर रंग मारून टाकला, तरी नाव मोरवालाच राहिलं. मी त्या स्टँडवरून रिक्षा घेणं सोडलं.

अल्बम शेवटी डिजिटल फोटोंचाच केला. "दुसरा कॅमेरा होता म्हणून वाचलो," असं मी सांगितलं. आक्कांनी प्रत्येक फोटोत जीव ओतला, गडद करून पाहिला, फिका करून पाहिला. मनूचा चेहरा आला, हसू आलं. पण साडी आली नाही.

"पानं कुठे गेली रे?" त्या पडद्याला नाक लावून म्हणाल्या. "कोरा कागद नेसवलाय माझ्या पोरीला." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "जाऊ दे. रोल सापडला की ह्यांच्याशेजारी लावू."

आणखी एक सांगायचं राहिलं. त्यांनी दिलेले ते ताजे रोल मी पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या लग्नाला वापरले. धुवायला आक्कांकडेच गेले. त्यांनी प्रिंट काउंटरवर पसरून सगळ्यांना बोलावलं. "बघा रे, याला म्हणतात पांढरं."

दोन हजारचं दशक संपता संपता लॅबने रोल धुणं बंद केलं. येतच नव्हते कोणाचे. जुनं मशीन भंगारात निघालं त्या दिवशी आम्ही जुने फोटोग्राफर भेळ घेऊन जमलो. आक्का मजेत होत्या. मुलीकडे एकलहऱ्याला राहायला जाणार होत्या, नातवाचे मोबाइलवर काढलेले फोटो दाखवत होत्या. निम्म्यांत नातवाचं डोकंच नव्हतं. "बघ, लगेच दिसतो!" स्वतःच म्हणत होत्या.

मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "एकच काळजी आहे रे. आता तो रोल सापडला तर धुवायचा कुठे? मालकाला म्हटलं, थोडं केमिकल बाटलीत भरून ठेव. तर हसतो मला."

माझ्या हातातली भेळ तशीच राहिली.

"आक्का, तो रोल हरवलाच नव्हता."

सगळं सांगितलं. पडदा, गर्दी, बॅगेतला कॅमेरा, पुढच्या आठवड्यातलं लग्न. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं थोबाडीत मारतील.

"म्हणजे मोर?" त्यांनी विचारलं.

"तोही मीच बनवलेला."

"आणि तो बिचारा सीट उचकटत होता." त्या उठल्या. "चप्पल घाल. चल."

वाटेत त्या माझ्यापुढे भराभर चालत होत्या. पुलाजवळ आल्यावर अचानक त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरून पाहिलं, तर हसत होत्या. "त्या कवळीच्या पायी मी जेल रोडला तीन माणसं धाडली होती रे!" आणि माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "हसले म्हणून सुटलास असं समजू नकोस. माझी पोर कोऱ्या कागदातच राहिली ना."

"आक्का, चुकलो. फार चुकलो."

"मला नंतर. आधी त्याला."

स्टँडवर दुपारची गर्दी होती. मोरवाला पुढच्याच रिक्षात बसून चहा पीत होता, केस पांढरे झाले होते. मला पाहून मागून कोणीतरी ओरडलं, "काय साहेब, परत पिशवी विसरली का?" सगळे हसले.

मी त्याच्यापुढे जाऊन हात जोडले आणि खरं काय ते पुटपुटत सांगितलं. माझं मलाच नीट ऐकू आलं नाही.

मोरवाल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. पुढे वाकून सगळं समजून घेतलं. मग त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मला पोचलं. पण मला चिडवतात ते मागचे रिक्षावाले. त्यांना ऐकू गेलं नाही."

"बरोबर बोलतोय," आक्का म्हणाल्या. "चढ त्या कठड्यावर."

मी चढलो. लग्नात सगळ्यांना "इकडे बघा" म्हणायचा आवाज आयुष्यभर लावला होता, तोच लावला.

"ऐका! मी ह्या दादांच्या रिक्षात कधी बसलोच नव्हतो. पिशवी नव्हती, रोल नव्हता. आक्कांच्या पोरीच्या लग्नाचा रोल मी काढलाच नाही आणि नाव ह्यांचं घेतलं. दादा, माफ करा. आक्का, मला माफ करा."