बाई, शिट्टी आणि लातूरचं स्थळ

बाई आधी पर्स माझ्या हातात द्यायच्या, मग पदर कमरेला खोचायच्या आणि मग उजव्या हाताची दोन बोटं तोंडात घालायच्या. आमच्या शाळेच्या थांब्यावर एसटी थांबवायचं ड्रायव्हरांच्या जिवावर यायचं. समोर टक लावून बघत ते गाडी दामटायचे. पण बाईंची शिट्टी कानात शिरली की पाय ब्रेकवर जायचाच. "थांबती कशी न्हाई!" असं म्हणत बाई पायरी चढायच्या आणि कंडक्टर त्यांना लांबूनच नमस्कार घालायचा.

गणिताच्या बाई तुम्हालाही असतील. करड्या, जाड भिंगाच्या, फळ्यावर सरळ रेघ मारणाऱ्या. आमच्या स्टाफरूममधल्या बाई तशाच होत्या, वर ही शिट्टी. माहेर अर्धापूरचं, घरची केळीची बाग. "केळीत बाप आत कुठं हाय ते दिसत न्हाई न् हाकबी पोचत न्हाई. मग काय करावं? शिट्टी शिकले," एवढंच त्या सांगायच्या. मुलं पळण्यात जिंकली तर शिट्टी, कुणाचं अवघड गणित सुटलं तर शिट्टी. नव्या हेडमास्तरांना त्याची सवय व्हायला साधारण एक सत्र लागायचं. आता त्या निवृत्त होऊन लेकीकडं हैदराबादला असतात आणि आमची शाळा फार शिस्तीची झाली आहे.

तर लेक. नवरा लवकर गेलेला, ही एकच मुलगी. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. हिंगोलीचं एक चांगलं स्थळ तिला चालून आलं होतं, सगळं जुळत आलं होतं, तेवढ्यात कुणीतरी तिकडं जाऊन सांगितलं, "मुलीची आई रस्त्यावर शिट्ट्या मारती." झालं. त्यांनी नकार कळवला तो याच कारणानं, आणि कारण कळवायलाही ते लाजले नाहीत.

नंतर लातूरचं स्थळ आलं. मुलगा इंजिनीअर, माणसं तोलूनमापून बोलणारी. मुलगी पाहून गेले, पसंत पडल्यासारखं दिसलं, पण होकार काही कळवेनात. बाईंचा जीव टांगणीला लागला. त्यांनी शिट्टी पूर्ण बंद केली. बस डोळ्यांदेखत निघून जायची, आम्ही धुरळा खात उभ्या राहायचो आणि बाई म्हणायच्या, "जाऊ दे. एकदा ठरू दे सगळं."

त्याच सुमारास नांदेडला मुंबईच्या मंडळींचा मोठा खेळ आला. हिंदी सिनेमाच्या धर्तीवरचं नाचगाण्यांचं नाटक. आमच्या स्टाफरूमनं रविवारच्या दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. बाई नको नको म्हणत होत्या. लेकीनंच ढकललं, "जा गं आई, घरात बसून फोनकडंच बघून राहिलीस."

आम्ही जागेवर बसलो, बाईंनी फोनचा आवाज बंद केला, सहज मागं वळल्या आणि त्यांचा चेहराच उतरला. बरोबर मागच्या रांगेत लातूरच्या पाहुण्यांपैकी मुलाची आई बसलेली, शेजारी नांदेडचा तिचा भाऊ. हे मामाच मध्यस्थ होते. नमस्कार झाले. "अरे वा, तुम्हीपण?" "हाव, शाळेतल्या सगळ्या आल्या म्हनून आले." बाई समोर वळल्या आणि त्यांनी माझा हात धरला. 

खेळ कसा होता ते मला विचारू नका. सोनेरी जाकिटातला हिरो, पडद्यावर पळणारी आगगाडी, डोळे दिपवणारे दिवे, एवढंच आठवतं. पहिल्याच गाण्याला सगळं नाट्यगृह शिट्ट्यांनी भरून गेलं आणि प्रत्येक शिट्टीला बाईंचा हात माझ्या हातात उडायचा. मी तो घट्ट दाबून ठेवायची. पुढच्या रांगेतून आमच्या चित्रकलेच्या सरांनी वळून बाईंकडं बघितलं तेव्हा मी डोळे वटारले. सगळी शाळा बाईंवर लक्ष ठेवून होती, नाटकाकडं कुणाचंच नव्हतं.

मध्यंतरात बाई चहा प्यायला उठल्यासुद्धा नाहीत. "आता अर्धाच ऱ्हायला," त्या पुटपुटल्या.

उत्तरार्धात मोठं समूहनृत्य होतं. मुंबईच्या मंडळींनी मागच्या ओळीत गावातल्या डान्स क्लासच्या मुली घेतल्या होत्या. ओळ फिरत फिरत पुढं आली आणि त्यातल्या एकीचा पाय घागऱ्यात अडकला. ती आडवी पडली, सगळ्यांसमोर, ऐन मध्यभागी. बाकीच्या नाचत राहिल्या. ती उठली, पण तिची पावलं चुकली होती. हात लोंबते सोडून ती तशीच उभी राहिली. मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, एकजण ओरडला, "औट!" मुलीचं तोंड रडवेलं झालं आणि ती आत पळून जायला जागा शोधायला लागली.

"लेकरू हाय गं ते," बाई म्हणाल्या.

"बाई, नको," मी म्हणाले. "बाई, मागं बसल्यात त्या."

त्यांचा हात माझ्या हातातून सुटला. दोन बोटं तोंडात गेली आणि त्या सबंध नाट्यगृहात मी आजवर ऐकलेली सगळ्यात लांब, सगळ्यात खणखणीत शिट्टी वाजली. हसणं बंद झालं. बाई उभ्या राहून ओरडल्या, "नाच बेटा, नाच!" मग चित्रकलेच्या सरांनी टाळी धरली, मग आमच्या रांगेनं, मग वरच्या गॅलरीनं. मुलगी दचकली, शेजारणीकडं बघितलं, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि ओळीत मिसळली.

बाई खाली बसल्या. "गेलं," त्या हळूच म्हणाल्या. "मागं बघ गं. काय करून राहिल्या त्या?"

मी बघितलं. मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून मुलाची आई समोर बघत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर त्या दोघी समोरासमोर आल्या. "ओळखीतली होती का ती मुलगी?" मुलाच्या आईनं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"कुणाची तरी हायच की," बाई म्हणाल्या.

तशा मुलाच्या आई वाईट नव्हत्या हो. क्षणभर घुटमळल्या, म्हणाल्या, "आमच्याकडं लोक फार बोलतात," आणि भावाच्या मागोमाग गाडीकडं गेल्या.

रिक्षात बाई मला सोडायलाच तयार नव्हत्या. "तू चल घरी. मला एकटीला सांगाया न्हाई जमायचं. लोकांकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे तिला." जिन्यात त्या दोनदा थांबल्या. वर्गातल्या साठ पोरांना न घाबरणाऱ्या या बाई, पोटच्या पोरीच्या दारात त्यांना घाम फुटला होता.

दार लेकीनं उघडलं. बाईंनी चपला काढल्या नाहीत, पाणी मागितलं नाही. उंबऱ्यातच उभ्या राहून उलटसुलट सांगायला लागल्या. मागं पाहुणे बसलेले, पोरगी पडली, लोक हसले, हात आवरला नाही. "म्या लई धरून ठिवलं होतं गं स्वतःला. हिला विचार पाहिजे तर." मी मान हलवली.

लेक सगळं ऐकत राहिली. बाईंचं बोलणं संपल्यावर तिनं विचारलं, "मग ती नाचली का पुन्हा?"

"नाचली की. शेवटपर्यंत."

"रडली न्हाई ना?"

"न्हाई. जाताना हसली बी जराशी."

"बरं झालं मग," लेक म्हणाली. मग तिनं आईच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली. "मुलाच्या मामांचा फोन येऊन गेला, आई. तू उचलत नव्हतीस म्हणून मला केला. ते नको म्हणतात."

म्हणजे आम्ही जिना चढत होतो तेव्हाच हिला सगळं ठाऊक होतं, आणि तरी तिनं आईला शेवटपर्यंत बोलू दिलं होतं. 

बाई होत्या तिथंच, उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.  लेक त्यांच्यासमोर खाली बसली, वाकली आणि आईच्या एका पायातली चप्पल काढली, मग दुसऱ्या पायातली.