कितवी सायकल?

आईचं तेरावं आटोपून मी नागपूरहून परत निघालो होतो. ॲमस्टरडॅमला उतरल्यावर कळलं, ह्यूस्टनचं विमान कॅन्सल झालंय. आता उद्या सकाळी. विमान कंपनीनं हॉटेल दिलं. मी ह्यूस्टनजवळ शुगर लँडला, घरी, बायकोला फोन केला.

"खोलीत पडून राहू नकोस," ती म्हणाली. "अमेरिकन पासपोर्ट आहे, व्हिसाची कटकट नाही. शहर बघून ये."

"बरं," मी म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. दादानं बस म्हटलं की बसायचो. न्हाव्यानं मान खाली म्हटलं, मी घातली.

स्टेशनबाहेर पडलो आणि वारा थेट डोक्याला लागला. मार्च होता, आणि डोक्यावर केस नव्हते. पहिल्याच टपरीवर हाताला आली ती भगभगीत नारिंगी टोपी विकत घेतली आणि तशीच चढवून चालायला लागलो.

आधी संग्रहालयात गेलो. काळ्या कपड्यांतली, पांढऱ्या कॉलरची माणसं भिंतीभिंतीवरून बघत होती. प्रत्येक चित्राखालची पाटी मी शेवटपर्यंत वाचायचो आणि पुढच्या चित्राशी जाईपर्यंत विसरायचो. बाहेर कालव्यांत घरं उलटी पडली होती, पुलांच्या कठड्यांना सायकली बांधलेल्या. सुंदर होतं. ते सुंदर आहे हे मला समजत होतं, एवढंच. पाय दुखले म्हणून मी कालव्यातल्या बोटीत जाऊन बसलो.

बोटीला काचेचं छत होतं, आत उबदार होतं. टोपी काढून मांडीवर ठेवली. समोर सत्तरीची एक बाई बसली होती, डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग इंग्रजीत म्हणाली, "तुमची कितवी सायकल?"

त्या शहरात जो तो सायकलवर. मला वाटलं, भाड्याच्या सायकलीचं विचारतेय.

"मी ट्रेननं आलो," मी म्हणालो.

ती इतक्या मोठ्यानं हसली की चार लोक वळून बघायला लागले. मग तिनं स्वतःच्या रुमालावर बोट ठेवलं. "केमोची म्हणते मी. माझी चौथी झाली. तुमच्या भुवया अजून शाबूत आहेत, म्हणून वाटलं, नुकतीच सुरू झाली असेल."

"नाही, नाही. माझी आई गेली. आमच्यात मुलगे डोकं भादरतात."

ती ओशाळली. "माफ करा हं." थोड्या वेळानं म्हणाली, "कशानं गेली?"

आईला तोच आजार होता. केमो तिनं अर्ध्यावरच सोडली. केस गेल्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. तोंडाची चव गेली, ते सोसवेना. आमटीत मीठ पडलंय की नाही, तेही कळत नाही म्हणायची.

"वय झालं होतं," मी म्हणालो. "झोपेतच गेली."

"नशीबवान," बाई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

उतरताना तिनं माझ्या दंडाला धरलं, ते सोडलंच नाही. तरुणपणी ती जिथे टायपिस्ट होती ते घर तिला बघायचं होतं. एकटीला पुलांचे चढ झेपत नव्हते. मला कुठे जायचं नव्हतं. आम्ही थांबत थांबत गेलो. घर निमुळतं होतं, किंचित पुढे झुकलेलं. "जिना असा की फायली घेऊन चढताना जीव जायचा," ती म्हणाली. तिनं दरवाजाचा फोटो काढला. पलीकडच्या कॅफेत तिनं कॉफी आणि ॲपल पायचा एकच तुकडा मागवला, बशी माझ्याकडे सरकवली.

"मला चव लागत नाही. तुम्ही खा आणि मला सांगा."

मी खाल्लं. "आंबटगोड आहे. दालचिनी जरा जास्त झालीय."

"इथे जास्तच असते. तळ कसाय?"

"ओलसर. कड मात्र खुसखुशीत."

ती डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्या घासानंतर मी चमचा ठेवला. मी पाणी प्यायलो. बाकीचा तुकडा मी तसाच सांगत सांगत संपवला.

स्टेशनात तिची गाडी लागली होती. चढण्याआधी तिनं विचारलं, "तुमच्या आईला शेवटी शेवटी कशाची चव लागायची?"

"लिंबाच्या लोणच्याची," मी म्हणालो. दार बंद झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय बोलून बसलो ते. काचेतून तिनं हात केला. मीही केला.

दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनला बायको घ्यायला आली. एसी लावूनही काचांवर वाफ धरत होती. गाडीत मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे तिनं ओळखलं होतं?"

"ओळखल्याशिवाय असं कुणी विचारेल का?"

"तरी तू आधी नाही सांगितलंस ते बरंच केलंस."

"बरं केलं का, ते नाही माहीत."

आमचा एक्झिट आला, तिनं लेन बदलली. घरी पोचलो तेव्हा शेजारचे काका ड्राइव्हवेत नळी घेऊन गाडी धूत होते. त्यांनी पाणी बंद केलं आणि हात पुसत माझ्याकडे यायला निघाले. आई कशानं गेली, ते आता तेही विचारणार होते. मी दार उघडून खाली उतरलो.