तीन वेळा पुकारा

“पायऱ्यांवर बसू नका. तिकडं लिंबाखाली बसा. नाव आलं की हाक मारतो.”

कोर्टाच्या पट्टेवाल्यानं आईला कोंबडी हुसकावावी तसं हुसकावलं. त्याच पायऱ्यांवर आमच्या गावचा मालक पाय पसरून बसला होता. आरोपी तो. फिर्यादी आई.

दुष्काळाचं साल. टँकर आला की आधी मालकाच्या आळीनं भरायचं, उरलं तर आमच्या बौद्धवाड्यानं. आई एक दिवस रांगेत पुढं उभी राहिली. मालकानं तिची घागर पालथी केली आणि भर गावात तिच्या थोबाडीत मारली. पोलिसांनी नोंद घेतली नाही, म्हणून तिनं कोर्टात फिर्याद केली. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नवा जिल्हा, नवी माणसं, असं वाटलं. वेड्याच होतो.

मी नववीत होते. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तारखेला माझी शाळा बुडायची.

पट्टेवाला दुसऱ्यांची नावं खणखणीत पुकारत होता. आमचं येईना. दुपार कलली. मालक वकिलासोबत हसत बाहेर आला, तेव्हा मी आईला घेऊन आत कारकुनाकडं धावले.

कारकून म्हणाला, “तुमचा पुकारा कवाच झाला. फिर्यादी गैरहजर. आरोपी सुटला.”

“सायेब, आमी सकाळधरनं हितंच बसून राहिलो की.”

“झाडाखाली म्हंजी कोर्टात न्हाई.”

आई त्याच्या पाया पडली. मला तिचाच राग आला. त्या रागाची आजही लाज वाटते.

मी निकालाची नक्कल मागितली.

“नक्कल घेऊन काय लोणचं घालती का?”

“वाचायचीय.”

तिसऱ्या हेलपाट्याला मिळाली. ‘तीन वेळा पुकारा करूनही फिर्यादी हजर नाही.’ तीन वेळा! आम्ही एकदाही ऐकला नव्हता. तेव्हापासून शिक्का दिसला की मला आधी संशय येतो.

पाठोपाठ आईच्या नावानं समन्स आलं. आईनंच दगड मारला, अशी मालकानं उलट केस केली होती. तारखेला आम्ही सवयीनं लिंबाखालीच बसलो. या वेळी पट्टेवाल्याचा आवाज पार एसटी स्टँडपर्यंत गेला. एकदा. दोनदा. तीनदा. फिर्यादी असताना आईचं नाव त्याच्या घशात अडकलं होतं, आरोपी होताच मोकळं झालं. मग मला सगळं कळलं.

दारात मालकाच्या वकिलानं आईला गाठलं. फार गोड बोलला. “गुन्हा कबूल कर, बाई. सायेब ताकीद देऊन सोडतेल. कशाला हेलपाटे?”

आईची मान हलणार होती. मी तिचं मनगट धरलं. “कबूल म्हणू नको, आई. त्यानं मारलेलं खोटं आन तू मारलेलं खरं, असं लिव्हतेल.”

आत न्यायाधीशांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे?”

“न्हाई.” आईनं कारकुनाच्या हातातल्या कागदाकडं बोट केलं. “आन माझ्या नावावर काय लिव्हलंय ते वाचून दावा. सगळं.”

न्यायाधीशांनी कारकुनाकडे पाहिलं. त्याला अक्षर न अक्षर वाचावं लागलं.

घरी येऊन मी मालकाच्या सुटकेविरुद्ध वरच्या कोर्टासाठी अर्ज लिहायला बसले. मुदत संपायला नऊ दिवस होते. मालकाला पुन्हा आरोपी म्हणून उभं केल्याशिवाय मी सोडणार नव्हते.