उंबऱ्याबाहेरचा व्हॅम्पायर

माझी आत्या गेली पंचवीस वर्षं लोकांचं रक्त काढते. म्हणजे लॅबमध्ये, पगार घेऊन. उरलेल्या वेळात ती कॉलेजातल्या पोरींसाठी व्हॅम्पायरच्या कादंबऱ्या लिहिते. बाबांच्या मते ही दोन्ही कामं एकच. आता त्यांनी तिचं एक पानही वाचलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित आधी मीच वाचलं. नायिका सतरा वर्षांची, नायक तीनशे. घरच्यांना कळलं तर जीव घेतील असलं प्रेम, आणि त्याच्या घरचे तर खरोखरच घेतील. बागेत, ऐन चाव्याच्या क्षणी, तो तिच्या मानेशी वाकतो आणि विचारतो, "उपाशीपोटी आलीस ना?" मग कापसाचा बोळा देऊन, "दोन मिनिटं दाबून धर, चोळू नकोस." मी हसून हसून लोळले.

"हसतेस काय? काळंनिळं पडतं नाहीतर," आत्या म्हणाली. पोरींनी पुस्तक डोक्यावर घेतलं.

घोडं अडलं ते पुढे. व्हॅम्पायरचा एक नियम असतो: घरातल्या माणसानं 'आत ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. दोन पुस्तकं झाली, तिसरं संपत आलं, तरी हा बापडा आपला नायिकेच्या दारात उभा! प्रकाशकबाई फोनवर कडाडल्या, "अहो, नायिका आहे तिथेच आहे. तुमच्या पुस्तकात दात सोडून कशाचीच वाढ होत नाही. या महिन्यात त्याला आत घ्या, नाहीतर मालिका बंद."

आत्यानं शेवटचं प्रकरण सात वेळा लिहिलं. सातही वेळा तो दारातून परत.

"बोलाव ना गं त्याला!" मी वैतागले. "काय धाड भरलीये तिला?"

"कशी बोलावेल? भाऊ बसलाय ना आत."

"कुणाचा भाऊ? तुझ्या नायिकेला भाऊच नाहीये!"

आत्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

आमच्या घरात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच काढत नाही. वीस वर्षांपूर्वी लॅबची मशीनं दुरुस्त करणारा मेकॅनिक आत्याला मागणी घालायला आला होता. "आपल्यातला नाहीस. या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही," म्हणून बाबांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. आत्या मागेच उभी होती. तिनं ब्र काढला नाही. तो अजूनही दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये मशीनं बघायला येतो. लग्न त्यानंही केलं नाही. आत्याची पुस्तकं मात्र त्याला तोंडपाठ आहेत.

"तुला जमलं नाही म्हणून त्या पोरीलाही जमू द्यायचं नाही होय?" मी बोलून गेले. बोलायला नको होतं. आत्याचे डोळे भरून आले आणि मला माझीच लाज वाटली.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मेकॅनिक. केस पिकलेले, हातात आत्याचा चष्मा, आदल्या दिवशी लॅबमध्ये राहिलेला. उंबऱ्यापासून चांगला हातभर लांब उभा.

"बाहेरूनच दे म्हणावं," बाबा पेपरामागून म्हणाले.

आत्या उठली. थेट दारापाशी गेली.

"आत या," ती म्हणाली.

तो हलेचना.

"आत या म्हणतेय ना मी!"

पेपर खाली आला. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही, दादा. हे घर माझंही आहे."

बाबांनी पेपर परत तोंडासमोर धरला. मेकॅनिक बूट काढून आत आला. इतक्या उन्हातून आला, पण व्हॅम्पायरसारखा जळलाबिळला नाही. खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसला, चष्मा हातातच.

"नीट टेका हो," आत्या म्हणाली. रडतही होती, हसतही होती. "की तेवढ्यासाठी आणखी एक पुस्तक लिहायला लावताय?"